दवनीवाड्याचं राखेचं खळं

गोंदियाला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे नक्की कुठे?" आणि दुसरा, "कशाला?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गाडीत बसायचं आणि महाराष्ट्र संपेपर्यंत उतरायचं नाही. दुसऱ्याचं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण मी तिथे खळं बघायला गेले होते. धान मळायचं साधं खळं, पण काँक्रीटचं.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीट शिकवते. घरात या विषयाला काडीची किंमत नाही. नवरा म्हणतो, त्यात शिकवण्यासारखं काय आहे? सिमेंट, वाळू, खडी, पाणी. ढवळा आणि ओता. मी त्याला सांगते की पोळीतही कणीक आणि पाणीच असतं, जरा करून दाखव. मग तो पेपर वाचायला घेतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, देवकी पटले. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याची. वर्गात ती कधी पहिल्या बाकावर बसली नाही, पण प्रयोगशाळेतून तिला संध्याकाळी अक्षरशः हाकलावं लागायचं. आता ती गावाकडे राहून संशोधन करते. राइस मिलमध्ये बॉयलरखाली जाळलेल्या कोंड्याची राख काही प्रमाणात सिमेंटऐवजी काँक्रीटमध्ये घालायची, हा तिचा विषय. दिवाळी झाली आणि तिचा फोन आला. "मॅडम, पहिल्यांदाच प्रयोगशाळेच्या बाहेर ओततेय. बाबांच्या खळ्यात. तुम्ही याल का?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. मग तिकीट काढताना प्रवासाचे तास बघितले आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

गोंदिया

स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याशी मराठीत बोलले, तर त्याने हिंदीत उत्तर दिलं. मी लगेच हिंदीत शिरले, तर तो मराठीत आला. अशी आमची दोन-तीन वेळा चुकामूक झाली. शेवटी देवकी येऊन पोचली आणि तिने दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरून भाडं ठरवलं. हीच इथली रीत आहे, हे मला उशिरा कळलं.

नाश्त्याला पोहे आले. पोह्यांवर दुकानदाराने पळीभर लालभडक, तेल तरंगणारा चण्यांचा रस्सा ओतला. मी "अहो, अहो, हे काय!" म्हणून ओरडले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची आणि लिंबाची फोड बशीच्या कडेला अदबीनं ठेवायची. दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "तर्री आहे जी. खाऊन तं पाहा, मंग बोला." खाऊन पाहिलं. दुसरी प्लेट मी स्वतः मागितली, आणि हे नवऱ्याला सांगायचं नाही असं देवकीला बजावलं.

पाहुण्याला आधी कुठे नेतात? देवळात, तळ्यावर, बाजारात. देवकीने मला राखेच्या ढिगाकडे नेलं. एका राइस मिलच्या मागे करड्या राखेचं टेकाड होतं. वारा सुटला की ही राख आजूबाजूच्या दोरीवरच्या कपड्यांवर जाऊन बसते, आणि मिलवाल्यांच्या घराण्याचा उद्धार होतो. देवकी मात्र त्या ढिगासमोर सोनाराच्या दुकानासमोर उभी असल्यासारखी उभी होती.

"मॅडम, हात लावून बघा ना."

मी लावला. त्यातली मेख अशी आहे. भाताच्या कोंड्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूत असते तीच. कोंडा नीट जाळला आणि राख बारीक दळली, की ती सिमेंटमध्ये काम करायला लागते. सिमेंट भिजलं की त्यातून थोडा चुना सुटतो आणि तो तिथेच आयता बसून राहतो. ही राख त्या चुन्याला पकडते आणि कामाला लावते. सिमेंट कमी लागतं, काँक्रीट घट्ट होतं आणि शेजाऱ्यांचे कपडे स्वच्छ राहतात. आता ही राख दळायची कुठे? देवकीने पहिल्यांदा गावातल्या पिठाच्या चक्कीवर नेली. चक्की नंतर धुऊन दिली म्हणे, पण पुढे दोन दिवस निम्म्या गावाने करड्या भाकरी खाल्ल्या. आता ती कॉलेजच्या यंत्रात दळून आणते आणि चक्कीवरून जाताना तोंडावर ओढणी घेते.

दवनीवाड्याकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे भाताचे बांध घातलेले तुकडे. काहींत धान अजून उभं, काहींत कापून पडलेलं. आणि गाव जवळ आलं तसा अर्धा डांबरी रस्ताच धानाने भरलेला. लोकांनी मळलेलं धान रस्त्यावर वाळत घातलं होतं. ट्रक, बस, मोटरसायकली सगळे उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून तोल सांभाळत जात होते, आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं. पुण्यात माझ्या पापडांना शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा लागला तर सोसायटीची सभा भरते.

"म्हणूनच हे सगळं," देवकी म्हणाली. गावातल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. त्यांना सगळ्यांसाठी एक मोठं पक्कं खळं बांधायचं आहे, धान मळायला आणि वाळवायला. ते राखेच्या काँक्रीटचं करायचं की साध्या, हे ठरायचं होतं. मंडईच्या दिवशी गटातली माणसं देवकीच्या बाबांचं खळं बघायला येणार आणि तिथेच निर्णय होणार. दिवाळीनंतर या भागात प्रत्येक गावाची आपापली मंडई भरते, म्हणजे जत्राच. घरोघर पाहुणे येतात. म्हणजे देवकीची परीक्षा अख्ख्या पंचक्रोशीसमोर होती.

"जर्नलमध्ये नाकारलं तर नाव न सांगणारा माणूस नाकारतो, मॅडम," ती म्हणाली. "इथे टेंभरेकाका नाकारतील. त्यांनी मला कडेवर खेळवलंय."

दवनीवाडा

देवकीचे वडील हेमराजजी दारातच उभे होते. उंच, सडपातळ, खांद्यावर दुपट्टा. गावात त्यांच्या शब्दाला मान. कुणाची बांधी कधी कापायची, कुणाच्या बैलाला काय झालं, हे विचारायला माणसं त्यांच्याकडे येतात. "या जी म्याडम, बसा. पानी घ्या," एवढं बोलून ते गप्प झाले. मी काँक्रीटबद्दल बोलायला लागले की ते नुसते "होय जी" म्हणत आणि मुलीकडे बघत. त्यांना एकच गोष्ट मनापासून दाखवायची होती, ती म्हणजे अंगणातली विहीर. त्यांच्या आजोबांनी बांधलेली, चुन्याची.

"एक गोटा हालला नाही," ते म्हणाले. खरंच हलला नव्हता.

देवकीची आई फुलनबाई. त्यांनी मला पहिल्या जेवणातच जिंकलं. लाखोरी डाळीचे वडे, कोचईची, म्हणजे अळकुड्यांची भाजी, तांदळाची भाकर. मी बाहेरची माणूस म्हणून भीत भीत वाढावं, असला प्रकार नाही. "खाऊन घ्या बाई, पुन्याले हे भेटत नाही," असं म्हणत त्या वाढतच राहिल्या आणि मी खातच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतकाम. मिक्सर आला, मजूर आले. मिक्सरशेजारी पाण्याचा निळा ड्रम. हेमराजजींनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मग ते ड्रमाभोवतीच घोटाळत राहिले. मला वाटलं, बापाची काळजी आहे, घोटाळू द्यावं. देवकीने चाचणीचे ठोकळे मात्र अगदी प्रयोगशाळेच्या सोवळ्यात केले. त्याच मालमसाल्याचे, पण वेगळ्या घमेल्यात, स्वतःच्या कॅनमधलं पाणी मोजून. मी तिला चिडवलं, "तुझं पाणी काय गंगेचं आहे का?" ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत खळं आरशासारखं सपाट झालं. त्यावर ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलं आणि आम्ही जेवायला गेलो.

सकाळी उठून मी चहाच्या आधी खळ्यावर गेले. तणस बाजूला केलं, बोट टेकवलं आणि बोट आत गेलं.

अगदी श्रीखंडात जावं तसं गेलं. राखेमुळे काँक्रीट जरा सावकाश घट्ट होतं, ते मला माहीत आहे, पण इतकं नाही. देवकी मागे येऊन उभी राहिली. तिने माझं बोट बघितलं, खळ्यातलं भोक बघितलं आणि खाली बसली. तेवढ्यात एक कोंबडी खळ्यावरून तिरपी चालत गेली आणि आपले पाय उमटवून गेली.

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? टेंभरेकाका आले. गटाचे प्रमुख, पोट सुटलेले, आवाज लाऊडस्पीकरचा. त्यांनी काठी टोचली. काठी उभीच राहिली.

"काऊन वो हेमराज, हे का करून राहिले? राखेनं भांडे घासते बापा, खळं बांधत नाही!"

लोक हसले. हेमराजजींनी मान खाली घातली. दुपारपर्यंत खळ्याला नावही पडलं: देवकीची खीर. देवकी कुणाशी बोलेना. फुलनबाई तिला दर थोड्या वेळाने वडे नेऊन देत होत्या आणि ते वडे मी खात होते, कारण मलाही काळजी लागली की भूक लागते. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? मीच मनातल्या मनात राखेवर संशय घ्यायला लागले होते. कच्ची जळली असेल का? दळण जाड राहिलं का? मी तिची शिक्षिका, आणि टेंभऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले होते.

संध्याकाळी तिने ठोकळ्यांचे साचे उघडले. ठोकळे टणक! फरशीवर आपटला तर ठण्णकन वाजला. तेच सिमेंट, तीच राख, तीच वाळू. फरक फक्त पाण्याचा. पण पाणी तर एकाच हापशाचं होतं.

रात्रभर मी यावर कूस बदलत होते. सकाळी पुन्हा बोट घेऊन खळ्यावर हजर. देवकी वैतागली. "मॅडम, तुम्ही सारखं बोट खुपसताय. कोंबडीपेक्षा तुमचे खड्डे जास्त झालेत." हेमराजजी म्हणाले, "पाहुन्याले घरात बसवून ठेवाचं का? मी म्याडमले इटियाडोह दाखवून आनतो. येताना कोहमाऱ्याले जेवू." त्यांनी शेजाऱ्याची जीप आणलीसुद्धा. मी चपला घालत होते आणि तेव्हाच मला ती रांग दिसली. मुंग्यांची. तणसातून निघून खळ्याच्या कडेवर, आणि तिथून थेट निळ्या ड्रमाच्या बुडापर्यंत.

काँक्रीट खायला मुंग्या येत नाहीत. मी एवढंच म्हणाले, "देवकी, तो ड्रम धुऊ नकोस." आणि जीपमध्ये बसले.

इटियाडोह

वाट लांबची आहे, पण कंटाळवाणी नाही. मध्ये जंगल लागतं, मग पुन्हा बांध्या, मग पुन्हा जंगल. हेमराजजी एरवी अबोल, पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांची जीभ सुटते, हा शोध मला लागला. रस्ताभर देवकीच. देवकी लहानपणी बांधावर चिखलाचे चौकोन करायची आणि कोणता आधी वाळतो ते बघत बसायची. देवकी पुण्याला गेली तेव्हा तिच्या आईने दोन महिने लाखोरीचे वडे तळले नाहीत. मी विचारलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मी का तळतो जी वडे?" पण डोळे पुसले.

धरण लांबूनच दिसतं, मातीचा लांबच लांब बांध आणि मागे निळंशार पाणी. वर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कालवा बांध्यांकडे निघालेला. हेमराजजींच्या बहिणीची शेती याच पाण्यावर. मी धरणाकडे अशी बघत होते जसे बाकीचे लोक मोराकडे बघतात. हेमराजजींनी विचारलं, "याच्यात सिमेंट किती असन जी?" मी म्हटलं, मुख्य बांध मातीचा आहे. ते खूश झाले. "म्हनजे माती काई कमजोर नाही." मी म्हटलं, "कोणतीच वस्तू कमजोर नसते, तिला काय हवंय ते कळायला पाहिजे." हे बोलून मी स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात चप्पल निसटली आणि मी दगडांवरून बसकण मारत पार खालच्या पायरीपर्यंत गेले. हेमराजजी हसले नाहीत. पण जीपपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

कोहमारा

कोहमाऱ्याला मोठे रस्ते एकमेकांना भेटतात आणि जिथे रस्ते भेटतात तिथे ढाबे भेटतात. आम्ही डाळ-भात आणि शेवभाजी मागवली. बाजूला काँक्रीटचा एक मिक्सर ट्रक उभा होता, पोटातलं पीप हळूहळू फिरवत. ड्रायव्हर आमच्या शेजारच्या बाजेवर जेवत होता. त्याच्या केबिनमध्ये आरशाला देवाच्या फोटोशेजारी साखरेची मोठी पिशवी लटकत होती. विषय माझा, गप्प बसवेना.

"भैया, वो शक्कर चाय के लिए?"

तो हसला. "नहीं मॅडम, गाडी के लिए. कहीं जाम में फँस गये तो माल अंदर ही जम जाता है. फिर छेनी लेके तोडते बैठो. उससे अच्छा शक्कर मार दो, सोया रहेगा."

"बरोबर!" मी टाळी वाजवली आणि हेमराजजींकडे वळून वर्ग सुरू केला. "सिमेंटला गोड म्हणजे झोपेची गोळी. साखर घाला, गूळ घाला, ते घट्ट व्हायचं विसरूनच जातं. थोडं असलं तर काही दिवसांनी जागं होतं आणि चांगलं होतं. जास्त झालं तर कायमचं गेलं. परवा तुमच्या खळ्यात..."

मी थांबले, कारण हेमराजजींचा घास हातातच राहिला होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला, हात धुतले, येऊन बसले.

"म्याडम," ते म्हणाले, "गूळ मी टाकलो."

ते जमिनीकडे बघून बोलत होते. "माह्या आज्यानं विहीर बांधली तवा चुन्यात गूळ टाकला, बेलफळाचा गर टाकला. तुमी पाहिली ना विहीर? लोक म्हनत होते, राख कमजोर रायते. मले वाटलं, गूळ धरून ठेवन. पोरगी गावासमोर पडाले नको, म्हनून टाकलो जी. अर्धी ढेप, जुन्या दुपट्ट्यात बांधून. तिले न सांगता."

आज्याचं चुकलं नव्हतं. चुन्याला गूळ चालतो, तो त्याला पकड देतो. सिमेंट निराळ्या जातीचं, त्याला तोच गूळ घातक. बिचाऱ्या बापाने मुलीच्या काँक्रीटला ताकद यावी म्हणून तिलाच लोळवलं होतं. मी आधी डोळे पुसले आणि मग भडकले. "अहो, विचारायचं तरी! एक इंजिनिअर घरात, एक पुण्याहून आलेली, आणि तुम्ही गुपचूप गूळ टाकता? नशीब समजा, लहान ढेप आणि तीही अर्धी. पुरी टाकली असती ना, तर ते खळं कधीच उभं राहिलं नसतं. आता पाणी मारत राहिलं तर होईल घट्ट, पण मंडईपर्यंत पुरतं होणार नाही."

"देवकीले सांगू नका," ते म्हणाले.

"मग राख बदनाम होईल. तिचं सगळं काम जाईल."

"मले समजते. पन गाव हासन जी. हेमराजनं पोरीच्या खळ्यात गूळ टाकला म्हनन." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "पन्नास घरं माह्यापाशी विचाराले येतात."

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्याकडून बाहेर जाणार नाही. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, काही कळलं नाही, पण उठताना हेमराजजींच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

घरी आल्यावर मी देवकीला विचारलं, "ड्रममध्ये काही सापडलं?" ती म्हणाली, "नाही मॅडम. काही नव्हतं." मी म्हटलं, "हो, मुंग्यांचं काय सांगता येतं, कुठेही जातात." आम्ही दोघीही एकमेकींकडे न बघता तणसावर पाणी मारत राहिलो.

पुन्हा दवनीवाडा, मंडईचा दिवस

मंडईच्या दिवशी गावाचा नूरच पालटला. रस्त्याच्या कडेला फुगे, बांगड्या, जिलेबी, प्लॅस्टिकच्या बंदुका. घराघरात पाहुणे, आणि कुणाच्याही घरी कुणीही जेवत होतं. पुण्यात पाहुणा येणार असला की आधी फोन, मग मेसेज, मग पुन्हा फोन. इथे एक अनोळखी बाई थेट चुलीपाशी येऊन माझ्या ताटातला वडा उचलून "कोनाच्या तुमी?" विचारून गेली.

खळं आता बोटाने दबत नव्हतं. नखाने ओरखडा उठत होता. मला ते बघून हायसं वाटलं, कारण ते जागं होत होतं. पण ज्याला काँक्रीट कळत नाही त्याला ते कच्चंच दिसणार. टेंभरेकाका गट घेऊन आले, मागे मंडईला आलेली निम्मी माणसं. त्यांनी खिशातून खिळा काढला, खळ्यावर ओढला. पांढरी रेघ उमटली.

"पाहा. इतल्या दिवसानं तं गोटा व्हाव लागते. आमच्या खळ्याले राख चालनार नाही."

मी हेमराजजींकडे बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते, पुतळ्यासारखे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात देवकीने माझा हात दाबला आणि पुढे झाली.

"काका, राख चांगली आहे. तुम्ही ठोकळे बघा, टणक आहेत. खळ्यात चूक माझी झाली. पाणी माझ्याकडून चुकलं. मला अजून जमत नाही, असं समजा. तुम्ही साध्या सिमेंटचं करा. माझं काही म्हणणं नाही."

मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं खपून, एवढं शिकून, ही पोरगी भर गावात स्वतःला अडाणी म्हणवून घेत होती! आणि मग माझ्या ध्यानात आलं. अंगणातल्या दोरीवर सकाळपासून एक जुना दुपट्टा वाळत होता. धुऊन, पिळून, सगळ्या कपड्यांच्या मागे सारलेला. त्याच्या एका टोकाला अजून गाठीची सुरकुती होती. तिला ड्रमात गुळाची तीच पुरचुंडी सापडली होती. तिला सगळं माहीत होतं.

टेंभरेकाका म्हणाले, "जाऊ दे बेटा, होते असं." ते वळले.

"थांब टेंभरे." हेमराजजींचा आवाज. ते खळ्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. "पोरगी खोटी बोलून राहिली. तिचं पानी चुकलं नाही. ड्रमात मी अर्धी ढेप गूळ टाकलो. आज्यानं विहिरीत टाकला म्हनून मी खळ्यात टाकलो. सिमेंटले गूळ चालत नाही, हे मले आता समजलं. राखेची काईच गलती नाही."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. एकाने ओरडून विचारलं, "मंग खोबरं काऊन नाही टाकलं?" दुसरा म्हातारा गंभीरपणे सांगायला लागला की बेलफळ टाकलं असतं तर जमलं असतं, आणि तिसऱ्याशी त्याचं भांडण जुंपलं. हेमराजजी कानापर्यंत लाल झाले, पण खळ्यावरून हलले नाहीत. टेंभरेकाकांनी ठोकळा हातात घेतला, वजन बघितलं, विहिरीच्या कठड्यावर आपटला. ठोकळ्याला काही झालं नाही. मी पुढे होऊन सांगितलं की खळंही असंच होईल, फक्त उशिरा, आणि याची जबाबदारी माझी.

टेंभरेकाकांनी ठोकळा कुरवाळला. मग म्हणाले, "ठीक आहे. गटाचं खळं राखेचंच करू. पन एक शर्त. हेमराजले पान्याजवळ येऊ द्याचं नाही!"

पुन्हा हशा. लोक पांगायला लागले, जिलेबीकडे, बांगड्यांकडे. देवकी मात्र बापासमोर जाऊन उभी राहिली. घरची बोली बोलत होती ती आता, माझ्यासमोरची पुण्याची नाही.

"बाबा, अर्धीच काऊन टाकली? टाकाचीच होती तं पुरी टाकाची."

हेमराजजींनी खाली बघितलं. "पुरीच बांधली होती दुपट्ट्यात. ड्रमापाशी गेलो. तू तिकडे राख मोजून राहिली होती, आपल्या धुंदीत. ते पाहिलो आनि अर्धी काढून घेतलो. मनात आलं, अर्धा तरी भरोसा पोरीवर ठेवाव."

देवकीने हापशाखालची भरलेली बादली उचलली आणि टेंभरेकाकांच्या डोळ्यांदेखत, सगळ्या मंडईसमोर, बापाच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "आजपासून खळ्याचं पानी तुमच्याकडे."